मुद्दाम केलेली चुकीची वाक्यं

लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली. देणंघेणं नको, मानपान नको, मुलीने आमच्या घरी आल्यावर इंग्रजी शिकायचं. माझ्या नवऱ्याने ती अट माझ्या वतीने हसत मान्य केली आणि मला सांगितली तीही हसतच. आम्ही दोघं भोरला एकाच सरकारी कचेरीत होतो. तो कायम नोकरीत, मी कंत्राटी, कॉम्प्युटरवर दाखले काढून देणारी. मी हिर्डोशीची. वडिलांची भाताची खाचरं आणि वर डोंगराला नाचणी. शाळेला चालत जायचं आणि पुढे कॉलेजसाठी भोरला खोली घेऊन राहायचं, एवढंच माझं शिक्षण. घरात शिकवायला माणूस मिळतोय म्हटल्यावर मला ती अट आवडलीच होती.

सासरे भोरच्याच एका शाळेतून इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. रस्त्याने निघाले की पन्नाशीची माणसंसुद्धा मोटारसायकल थांबवून खाली उतरायची. घरात आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. उंच, सडसडीत, आवाज कधीच न चढवणारे. त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी नियम सांगितला. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की जेवण, आणि जेवणाच्या टेबलावर मी फक्त इंग्रजी बोलायचं. नवऱ्याला सूट होती, कारण त्याला येत होतं. सासूबाईंना सूट होती, कारण त्यांच्याकडून काही होणार नाही हे फार वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं. रोज बाबा मला एक मराठी वाक्य द्यायचे. मी ते इंग्रजीत करायचं. चुकलं की ते ताटाच्या कडेवर चमचा एकदा वाजवायचे. वाक्य बरोबर येईपर्यंत मी घास घ्यायचा नाही. हे त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. पहिल्या दिवशी चमचा वाजल्यावर मी घास उचलला, तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे नुसतं बघितलं, आणि मी तो खाली ठेवला.

माझं इंग्रजी अगदीच वाईट नव्हतं. पण एका ठिकाणी मी कायम अडखळायचे. कॅन, विल, शुड, मस्ट यांच्याबरोबर ऑलवेज, नेव्हर, सर्टनली असलं काही आलं, की ते कुठे ठेवायचं ते मला कळायचं नाही. आमच्याकडे माणूस म्हणतो, 'यीन की नक्की.' येण्याचं आधी सांगून टाकायचं आणि नक्की मागून लावायचं. माझ्या इंग्रजीतही ते तसंच मागून यायचं.

बाबांनी पहिल्यांदा समजावलं ते छानच समजावलं होतं, ते खोटं बोलण्यात अर्थ नाही. म्हणाले, "मस्ट म्हणजे घराचा उंबरा समज. ईट, गो, कम ही क्रियापदं आत माजघरात. ऑलवेज हा पाहुणा. त्याने उंबरा ओलांडायचा आणि लगेच पुढच्या खोलीत बसायचं. मस्ट ऑलवेज ईट. तू त्याला चपला घालून थेट माजघरात नेतेस."

मला कळलं. पण कळणं वेगळं आणि समोर भात थंड होत असताना, तीन माणसं जेवत असताना, ते जिभेवर येणं वेगळं. मी पुन्हा चुकले. चमचा वाजला. नंतर त्यांनी कधी समजावलं नाही, फक्त चमचा वाजवला. आणि त्यांना माझी ती जागा सापडली आहे हेही मला लवकरच कळलं, कारण पुढची पाच वर्षं त्यांनी मला दिलेल्या वाक्यांत 'नेहमी', 'कधीच', 'नक्की' यांतलं काहीतरी असायचंच. नवरा मान खाली घालून जेवायचा. एकदा मी त्याला खोलीत म्हटलं, "तू काहीतरी बोल की." तो म्हणाला, "अगं, ते माझ्याशीही असेच वागले. त्यामुळेच मला नोकरी लागली."

दिवाळीत जुने विद्यार्थी पाया पडायला यायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत असे चारपाच जण बसले होते. पुण्यात चांगल्या हुद्द्यावर असलेले, बायकांना घेऊन आलेले. मी लाडवाचं ताट घेऊन बाहेर आले. बाबा म्हणाले, "सूनबाई, तुम्ही लाडू नक्की खाल्लाच पाहिजे, असं यांना म्हण." लोकांसमोर ते मला सूनबाई म्हणायचे. मी म्हटलं, "यू मस्ट ईट डेफिनेटली लाडू."

हाताशी चमचा नव्हता, म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "यांच्या हिर्डोशीला एसटी उशिरा पोचते ना, तसं क्रियाविशेषणही यांच्या वाक्यात उशिराच पोचतं."

सगळे हसले. एका बाईने हसू आवरत माझ्याकडे बघितलं आणि मग तिलाही ते आवरलं नाही. नवराही हसला. मी ताट फिरवलं. ते वाक्य मग भोरमध्ये फिरलं. कुणी भेटलं की विचारायचं, "काय, एसटी वेळेवर का?"

तेही मी विसरले असते. जे विसरले नाही ते माझ्या वडिलांचं. ते वर्षातून दोनदा यायचे, सकाळच्या गाडीने, खांद्यावर तांदळाची पिशवी आणि नाचणीचं पीठ घेऊन. बाबांपुढे खुर्चीत बसायचे ते अगदी कडेवर, पाठ न टेकता. त्या दिवशी बाबांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि वाक्य दिलं. "माझे वडील कधीच शाळेत जाऊ शकले नाहीत. म्हण."

मी बाबांकडे बघितलं. ते शांत होते. वडील कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माय फादर कुड गो नेव्हर टू स्कूल."

बोट वाजलं. "पुन्हा."

मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. "माय फादर कुड नेव्हर गो टू स्कूल." वडिलांना त्यातलं 'फादर' आणि 'स्कूल' कळलं असावं. त्यांचा चेहरा उजळला. ते बाबांना म्हणाले, "लई उपकार झालं बघा सर तुमचं. आमची पोर साहेबासारखी बोलाय लागली की."

बाबा म्हणाले, "अजून पुष्कळ बाकी आहे."

वडील गावी जाऊन सगळ्यांना सांगत राहिले. अजून सांगतात. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आणलेलं पीठ डब्यात भरलं, आणि मनात पहिल्यांदा ठरवलं की या माणसाचं भलं होऊ नये.

पाचव्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. अर्धांगवायूचा झटका होता. पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आले तेव्हा उजवा हात आणि पाय गेलेला होता आणि वाचा पूर्ण बंद होती. हॉलमधल्या खिडकीपाशी लोखंडी पलंग टाकला. माझं कंत्राट तोवर संपलं होतं, म्हणून मी घरी. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना पलंगाशी फार वेळ उभं राहता यायचं नाही. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं माझ्याकडे आलं. नवरा कचेरीत जायचा आणि दर शुक्रवारी अर्धी रजा टाकून त्यांना गाडीने पुण्याला स्पीच थेरपिस्टकडे न्यायचा. मीही जायचे, धरायला.

ती थेरपिस्ट तरुण होती, माझ्याहूनही लहान. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "त्यांना सगळं कळतंय, हे घरात सगळ्यांना सांगा. आत शब्द आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे. त्यांच्याशी भरपूर बोला. आवडीच्या विषयावर बोला. आणि एखादा जरी शब्द आला तरी मला लगेच सांगा, म्हणजे तिथून पुढे जाता येईल."

मी मान हलवली.

सुरुवातीचे दीड महिने मी नीट केलं. करत होते कारण कामच इतकं होतं. मग एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. औषधाची गोळी ते जिभेने बाहेर ढकलत होते. मी कंटाळून म्हटलं, "यू मस्ट टेक ऑलवेज मेडिसिन." जेवणाच्या वेळी इंग्रजी बोलायची सवयच लागली होती, आणि घाईत जुनी चूक झाली.

त्यांचा डावा हात पलंगावर पडलेला होता. त्याचं पहिलं बोट उठलं आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजलं. एकदा.

मी थांबले. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि चेहरा लाल झाला होता. ओठ हलत होते, पण नुसती हवा येत होती. वाक्य सुधारायचं होतं त्यांना. सुधारता येत नव्हतं. मी चमचा हातात धरून तशीच बसले, आणि मला आतून एकदम बरं वाटलं. खरं ते लिहायचं तर खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "यू शुड ड्रिंक ऑलवेज मिल्क." बोट वाजलं. मी म्हटलं, "आय विल गिव्ह सर्टनली यू अ बाथ." बोट दोनतीनदा वाजलं. मी त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचं वाक्य म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. गंमत अशी की या पाच वर्षांत मला ते सगळं येऊ लागलं होतं. चुकीचं वाक्य करायला मला आधी बरोबर वाक्य मनात करावं लागायचं, मग त्यातला शब्द उचलून भलतीकडे ठेवावा लागायचा. सकाळी भाजी चिरताना मी ती वाक्यं तयार करायचे. इतका मन लावून अभ्यास मी त्यांच्या धाकानेही कधी केला नव्हता. अर्थानेही लागावीत अशी करायचे. एकदा म्हटलं, "युवर स्टुडंट्स विल कम नेव्हर." आणि खरंच, पहिल्या महिन्यानंतर विद्यार्थी येईनासे झाले होते.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन मेथी निवडत बसायच्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण बोट वाजलेलं कळत होतं. आठवडाभराने त्यांनी विचारलं, "काय गं, तू बरोबर बोलतेस की चुकीचं?"

मी खोटं बोलणार होते. पण म्हटलं, "चुकीचं."

"मुद्दाम?"

"हो."

त्यांनी हातातल्या जुडीच्या काड्या वेगळ्या केल्या. मग म्हणाल्या, "मलाही एक सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या मेथीकडेच बघत होत्या. "लग्न झाल्यावर मलाही शिकवायला बसले होते," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस. मग पाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, तुझ्यासाठी खडू झिजवणं म्हणजे नुकसान. माझ्या भावासमोर म्हणाले."

मी त्यांना सोपं वाक्य सांगितलं. 'आय कॅन कुक ऑलवेज.' त्यांनी ते दुपारभर घोकलं. मग गुडघ्यावर हात ठेवत उठल्या, पलंगाशी गेल्या आणि शाळेतल्या मुलीसारखं सरळ उभं राहून म्हणाल्या, "आय कॅन कुक ऑलवेज."

बोट वाजलं नाही. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, कानाकडे ओघळलं. सासूबाईंनी ते पदराने टिपलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "जास्त झालं का गं?" त्या परत पाटावर जाऊन बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या दुसरं सांग."

असे दोन महिने गेले. संध्याकाळी नवरा आला की आम्ही दोघी गप्प. तो पलंगाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचा. ते त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, पण सांगणार कसे. नवरा म्हणायचा, "तू किती करतेस त्यांचं."

आणि मग एका बुधवारी सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. मी त्यांची चादर बदलत होते. त्यांना कुशीवर वळवलं, खालची चादर ओढली, पुन्हा पाठीवर वळवलं. मला दम लागला होता. मी म्हटलं, "यू कॅन गेट नेव्हर अप." त्या दिवसासाठी तयार केलेलं वाक्य तेच होतं.

बोट वाजलं. मी दुसरीकडे वळले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कॅ... कॅन."

मी वळले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. डाव्या हाताने दांडी धरली होती. "कॅन नेव्ह... नेव्हर." श्वास घेतला. "कॅन नेव्हर गेट अप."

घोगरा, ओला आवाज, पण शब्द स्पष्ट होते. सगळे आपापल्या जागी. पाच महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य, आणि ते त्यांनी मला सुधारण्यासाठी उच्चारलं होतं. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांच्या ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचा चेहरा काही दुखावलेला नव्हता. ते माझ्याकडे वाट बघत होते. शिक्षक सांगतो आणि मुलाने मागून म्हणायची वाट बघतो, तशी.

मी म्हटलं नाही. मळकी चादर उचलली आणि मोरीत जाऊन भिजत घातली. तिथे मी बराच वेळ उभी होते. पहिला विचार आनंदाचा नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. पहिला विचार असा होता, की आता हा माणूस बोलणार. आधी एक वाक्य, मग दुसरं. आणि मग एका संध्याकाळी तो आपल्या मुलाला सांगणार, की तुझी बायको आणि तुझी आई दिवसभर माझ्याशी काय करतात.

सासूबाई परत आल्या. मी त्यांनाही सांगितलं नाही.

शुक्रवारी पुण्याला गेलो. थेरपिस्टने नेहमीप्रमाणे विचारलं, "या आठवड्यात एखादा शब्द? अर्धा तरी?"

बाबा चाकाच्या खुर्चीत, मी मागे, नवरा शेजारी.

मी म्हटलं, "नाही."

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. त्यांचा डावा हात उठला. "क," ते म्हणाले, "क... क..." धडपडत राहिले. परक्या खोलीत, परक्या माणसांपुढे ते येईना. थेरपिस्टला ठसका वाटला. तिने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिला ते चांगलं वाटलं असावं, ती माझ्याकडे बघून हसली.

पुढच्या दोन शुक्रवारी तिने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला ती नवऱ्याला म्हणाली, की इतक्या महिन्यांत घरी काहीच हालचाल नसेल तर आता आठवड्याच्या खेपेने विशेष साधेल असं वाटत नाही. प्रवासाने त्यांचे हाल होतात. घरीच बोलत राहा. परतताना भोर जवळ आल्यावर नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "त्यांना त्रासच होतो रे गाडीत." तो विषय तिथे संपला.

आणि मी चुकीची वाक्यंही बंद केली. चांगुलपणाने नाही. ती ऐकली की ते बोलतील, या भीतीने. मी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. भरवायचं, पुसायचं, वळवायचं, मुकाट. पलंगाशी गेले की त्यांचं बोट उठायचं आणि दांडीवर वाजायचं, मी तोंड उघडायच्या आधीच. एकदा. थांबून पुन्हा एकदा. मी काम उरकून निघून जायचे. सासूबाईंनी दोनदा नवीन वाक्य मागितलं. मी म्हटलं, आता पुरे. त्या म्हणाल्या, "बरं." पुढे पुढे बोट वाजणं कमी झालं. थंडीच्या दिवसांत थांबलं. संक्रांतीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले.

दहाव्याला नदीवर पुष्कळ माणसं आली. ज्यांनी सहा महिने तोंड दाखवलं नव्हतं ते रडले. माझे वडीलही आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तरांनी तुला घडवली."

सगळे पांगल्यावर दोनतीन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "तू मधेच का थांबलीस गं? ते वाट बघायचे."

"कशाची?"

"तू चुकायची," त्या म्हणाल्या. "तेवढंच त्यांना करायला होतं दिवसभर." त्या रडत नव्हत्या. पलंगाची गादी उन्हात टाकायची का, एवढंच त्यांनी पुढे विचारलं.

गेल्या वर्षी भोंगवलीला एका लग्नाला आम्ही दोघं गाडीने चाललो होतो. नवरा बऱ्याच दिवसांनी वडिलांविषयी बोलायला लागला. म्हणाला, "मी लवकर हात टेकले असं वाटतं कधीकधी. पण एक शब्द जरी बोलले असते ना, तरी मी रोज नेलं असतं त्यांना पुण्याला. नोकरी गेली असती तरी नेलं असतं."

पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, धूळ उडत होती. मी म्हटलं, "काच वर घे."

त्याने काच वर घेतली. मला तेव्हा सांगता आलं असतं. तोंडाने सांगायचं मला त्या दिवशी जमलं नाही आणि पुढेही जमणार नाही. हे छापून आलं की तो वाचेल. त्याला मी लिहिलेलं आवडतं, तो सगळं वाचतो.